आईचं म्हणणं ऐकून घेतलंत, त्याबद्दल

ताई,
सप्रेम नमस्कार.

परवा तुम्ही आईचा संगणक दुरुस्त करून दिलात, पण आभारसुद्धा धड मानू दिले नाहीत. ‘अहो, एक सेल तर बदलला,’ म्हणालात आणि चपला घालून निघालातही. सेल बदलायला फार वेळ लागला नाही हे खरंच आहे. पण त्याआधी तुम्ही माझ्या आईशी ज्या रीतीनं वागलात, त्याबद्दल मला बोलायचंय, आणि ते चारचौघांत बोलायचंय. तिला बोल लावला गेला तोही चारचौघांतच.

तुमच्या आधी काय काय झालं ते तुम्हाला अर्धवटच ठाऊक आहे. आईच्या जुन्या डेस्कटॉपवर सकाळी सकाळी एकही साइट धड उघडायची नाही. लाल त्रिकोण यायचा, कनेक्शन सुरक्षित नाही असा इशारा यायचा, की संपलं. मेल नाही, बँक नाही, काही नाही. त्याच वायफायवर मोबाइल मात्र झकास चालायचा. एवढ्यावरूनच लाइनमध्ये दोष नाही हे कळायला हवं होतं. पण कस्टमर केअरचं एकच पालुपद, राउटर बंद करून चालू करा. एक गृहस्थ आले, उभ्या उभ्या बघितलं आणि ‘व्हायरस आहे, फॉरमॅट मारावा लागेल’ म्हणून मोकळे झाले. फॉरमॅट म्हणजे आतलं सगळं पुसून टाकणं. आई तिच्या लहानपणच्या आठवणी लिहिते, ते सगळं त्याच संगणकात आहे. तिनं हात लावू दिला नाही, हे नशीबच म्हणायचं.

आणखी एकानं तर कहर केला. इशारा ओलांडून पुढे जायचं बटण कुठे असतं, ते त्यानं आईला शिकवलं. याचा राग माझ्या मनातून अजून जात नाही. बनावट साइटवर आपला पासवर्ड जाऊ नये म्हणून ब्राउझर थांबवतो. बँकेसारख्या अनेक साइटवर तर ते बटण दिसतही नाही, इतकी ती गोष्ट गंभीर असते. ज्याला हे कळतं त्यानंच वयस्कर बाईला तो इशारा डावलायची सवय लावायची?

आणि एका गोष्टीवर या सगळ्यांचं एकमत होतं. ‘काकू, तुमच्याकडून काहीतरी दाबलं गेलं असेल.’ त्यातच तिनं लिहिलेली पानं ‘गायब’ व्हायला लागली. तीही तिनंच डिलीट केली असणार, असं ठरलं. हळूहळू आईनं संगणकाला हात लावणं सोडून दिलं. माउस धरायच्या आधी ती ‘हे दाबू ना?’ असं विचारायला लागली. आयुष्यभर हिशेब चोख ठेवलेली बाई ही.

तुम्ही आलात आणि खुर्चीत बसलाच नाहीत. आईला बसवलंत, स्वतः शेजारी स्टूल ओढून घेतलंत आणि म्हणालात, ‘काकू, रोज करता तसंच करा. मी नुसती बघते.’ दोन्ही हात मांडीवर. नंतर विचारलंत, ‘हे नेमकं कधी होतं? तुमच्या लक्षात काय आलंय?’

ताई, हा प्रश्न तोपर्यंत तिला कुणीही विचारला नव्हता. ती आपणहून सांगत होती, सगळ्यांना सांगत होती की रात्री भिंतीवरचं बटण बंद केलं की सकाळी हा घोळ होतो, बटण चालू राहिलं तर होत नाही. त्याकडे कुणी लक्षच दिलं नाही. तुम्ही ते ऐकलंत, जरा थांबलात आणि म्हणालात, ‘अर्धं काम तुम्हीच करून ठेवलंय की!’ आईचा चेहरा तेव्हा तुम्ही पाहिलात की नाही कोण जाणे, मी पाहिला.

मग तुम्ही तिला स्क्रीनच्या खालच्या कोपऱ्यातली तारीख वाचायला सांगितलीत. १ जानेवारी २००९. इशाऱ्याच्या पानावरसुद्धा घड्याळ मागे असल्याचं लिहिलेलं होतं. लाल त्रिकोण सगळ्यांना दिसला, त्याखालच्या ओळी कुणी वाचल्या नव्हत्या.

तुम्ही तिला जे समजावलंत ते मी इथे मुद्दाम लिहिते, कारण अशा घोळात आणखीही घरं असतील. बटण चालू असतं तोवर संगणक बंद असला तरी त्याच्या घड्याळाला थोडी वीज मिळत राहते. बटण बंद केलं की ते घड्याळ मदरबोर्डवरच्या, म्हणजे संगणकाच्या आतल्या मुख्य पाटीवरच्या, चपट्या सेलवर चालतं. सेल संपला की तारीख एकदम कित्येक वर्षं मागे जाते, आणि फरक एवढा मोठा असला की संगणक स्वतःहून वेळ जुळवून घेईलच असं नाही. प्रत्येक सुरक्षित साइटकडे ती खरी असल्याचं एक डिजिटल प्रमाणपत्र असतं, आणि त्याला मुदत असते, अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत. ब्राउझर ती मुदत संगणकाच्या घड्याळाशी ताडून बघतो. घड्याळ २००९ सालात असेल तर आजचं प्रमाणपत्र त्याच्या लेखी अजून सुरूच झालेलं नसतं. मोबाइल आपली वेळ नेटवर्कवरून घेतो, म्हणून तो बिनघोर चालत होता.

जुना सेल काढून तुम्ही आईच्या तळहातावर ठेवलात. सीआर २०३२. हा आकडा म्हणजे त्याचं माप, २० मिलिमीटर व्यास आणि ३.२ मिलिमीटर जाडी, हेही तिला सांगितलंत. तिनं तो उलटसुलट करून बघेपर्यंत तुम्ही थांबलात. नवा बसवलात, तारीख मात्र तिच्याच हातानं नीट करून घेतलीत.

आणि हरवलेली पानं! घड्याळ मागे गेलेलं असताना लिहिलेल्या फाइलींवर २००९ सालाची तारीख पडली होती. यादी तारखेनुसार लागते, म्हणून नवं लिखाण पार तळाशी जाऊन बसलं होतं. तुम्ही तिला यादी खाली खाली सरकवायला लावलीत. एकेक नाव वर यायला लागलं तसं ती मोठ्यानं वाचत गेली. एकही पान गेलेलं नव्हतं. तेव्हा तुम्ही स्पष्ट म्हणालात, ‘काकू, तुमच्याकडून काहीही चुकलेलं नाही.’ खोलीतल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालात.

ज्ञान असलेली माणसं पुष्कळ भेटतात. समोरच्याला लहान न करता ते वापरणारी फार थोडी. डॉक्टर जसा आधी ‘काय होतंय’ विचारतो, तसं या कामातही आधी विचारायला हवं, हे तुम्हाला कुणी शिकवलं माहीत नाही. ज्यांनी शिकवलं त्यांनाही माझा नमस्कार सांगा. या कामात नव्यानं आलेली पोरं हे वाचत असतील तर त्यांना माझी एवढीच विनंती आहे. रोज ते यंत्र वापरणाऱ्या माणसाला त्याच्याबद्दल काहीतरी ठाऊक असतं. ते आधी विचारून घ्या.

आईनं लिखाण पुन्हा सुरू केलंय. इशारा आला तर पुढे जायचं नाही, आधी पूर्ण वाचायचा, हे तिनं शेजारच्या दोघींना बजावूनही झालंय. त्यातल्या एकीचा लॅपटॉप सध्या वायफाय मधेच सोडतो. तुमचा नंबर तिला देऊ का, तेवढं कळवा. तुम्हाला विचारल्याशिवाय देणार नाही.

आई आशीर्वाद सांगते.

आपली,
काकूंची मुलगी