समुद्रातले दिवे

पुणे,
रविवार, रात्र

प्रिय बाबल,

पत्र पोचलं. रात्री समुद्रात झगझगीत एलईडी दिवे लावून मासे गोळा करणाऱ्या बोटवाल्यांविरुद्ध पुन्हा अर्ज-मोर्चे सुरू झाले हे वाचून बरं वाटलं. पण शेवटी जे लिहिलंयस, की बोटी घेऊन ट्यूना वाचवायला निघालेले ते गोरे म्हणजे पोट भरलेल्यांचे चाळे, त्यावर तुझ्याशी भांडायलाच बसलोय.

ट्यूना म्हणजे आपला कुपाच रे. इथे गणेश पेठेत तो सुरमईच्या शेजारी पडलेला असतो आणि पुणेकर त्याचं काळपट लाल मांस बघून पुढे सरकतो. त्याचा अटलांटिकमधला थोरला भाऊ, ब्लूफिन, जपानात मात्र वाट्टेल त्या भावाला जातो. उन्हाळ्यात तो अंडी घालायला भूमध्य समुद्रात येतो आणि पर्ससीनवाले, म्हणजे अख्ख्या थव्याभोवती गोल जाळं टाकून ते खालून आवळणारे, नेमकं तेव्हाच त्याला घेरतात. घेरतात, पण मारत नाहीत. जाळ्याला तरंगता पिंजरा जोडायचा, मासे जिवंतच त्यात वळवायचे आणि टगने, म्हणजे ओढणाऱ्या बोटीने, तो पिंजरा माल्टा-स्पेनकडे ओढत न्यायचा, माणसाच्या चालीपेक्षाही हळू. तिथे तारली-बांगडे चारून महिनोन्महिने चरबी चढवायची. मासे किती, ते पाण्याखालच्या व्हिडिओवरून मोजायचं! लबाडीला केवढी जागा, तुला वेगळं सांगायला नको.

मार्च 2010 मध्ये दोहाला भरलेल्या, दुर्मिळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत ब्लूफिनच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी आणायचा मोनाकोचा प्रस्ताव 68 विरुद्ध 20 मतांनी पडला. त्याच जूनमध्ये ग्रीनपीस या पर्यावरणवादी संघटनेची माणसं, तुझे ते गोरे, रबरी बोटींतून एका फ्रेंच जाळ्यावर गेली. जाळ्याच्या काठावर वाळूच्या पिशव्या टाकायच्या, काठ बुडाला की मासे वरून निसटतील, असा बेत. मच्छीमारांनी लोखंडी आकडा फेकला तो एकाच्या पायात आरपार घुसला. पोट भरलेला असेलही तो, पण याला चाळे म्हणायला माझी जीभ रेटत नाही. अर्थात आकडा फेकणाऱ्याचाही मला राग येत नाही. हंगाम काही आठवड्यांचा, त्यात दुसरा कुणी येऊन तुमचं भरलेलं जाळं बुडवू लागला तर किनाऱ्यावरून जाळं ओढणारे तुमचे रापणकर तरी काय करतील?

एका आकड्याने मासे वाढले, असं मी म्हणणार नाही. वाढले ते कोटा, म्हणजे वर्षाला किती मासे धरायचे ती मर्यादा, कापल्यामुळे. पूर्व अटलांटिक आणि भूमध्य मिळून 2007 मध्ये 29,500 टन होता, तो 2011 पर्यंत 12,900 टनांवर आणला. शिवाय बोटींवर निरीक्षक बसवले. 2021 मध्ये आययूसीएन या निसर्गरक्षणाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने अटलांटिक ब्लूफिनला धोक्याच्या यादीतून बाहेर काढलं. पण समुद्रात आणि किनाऱ्यावर आरडाओरडा झाला नसता, तर कोटा कापायची बुद्धी त्या सरकारांना आपसूक झाली असती असं वाटतं तुला? मला नाही वाटत.

आता तुझ्या दिव्यांचं. 2016 मध्ये ग्रीनपीसचं ‘एस्पेरांझा’ जहाज हिंदी महासागरात ‘एक्सप्लोरर टू’ नावाच्या जहाजामागे लागलं होतं. हे ‘एक्सप्लोरर’ बुडीत डोंगराच्या माथ्यावर नांगर टाकून बसायचं, रात्री दिवे पेटवायचं, मासे गोळा झाले की पर्ससीनवाला येऊन उपसून न्यायचा. ओळखीचं वाटतंय ना? त्याच वर्षी हिंदी महासागर ट्यूना आयोगाने असे दिवे लावायला मनाई केली. भारत त्या आयोगाचा सदस्य आहे. नोव्हेंबर 2017 मध्ये केंद्रानेही एलईडी मासेमारीवर बंदी घातली. म्हणजे कागदावर तू कधीच जिंकलायस, बाबल! फक्त तो कागद समुद्रावर न्यायला कुणी नाही.

म्हणून नुसता मोर्चा पुरणार नाही. रात्री समुद्रात दिवे दिसले की तांडेलला, बोट चालवणाऱ्याला, जीपीएसवरची जागा, तारीख, वेळ वहीत लिहून ठेवायला सांग. किनाऱ्यापासून किती मैल आत, तेही. बोटीचा नंबर वाचता आला तर सोन्याहून पिवळं, पण त्यासाठी उगाच अंगावर बोट घालू नका. त्या नोंदी अर्जाला जोडायच्या आणि पोच घेतल्याशिवाय टेबलापुढून हलायचं नाही. मसुदा माझ्याकडे पाठव, मी इथे नीट टाइप करून देतो. तुझं अक्षर साहेबाला लागायचं नाही.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद. दिवाळीत येतोच आहे, तेव्हा उरलेलं भांडण समोरासमोर करू.

तुझाच,
सुहास