पँट्रीतल्या मावशींना

मावशी,

कॉन्ट्रॅक्टर बदलला आणि एका सोमवारी तुमच्या जागी दुसऱ्याच ताई आल्या. तुमचा नंबर घ्यायचाही राहून गेला, म्हणून हे असं उघड पत्र. लेक मोबाइलवरचं वाचून दाखवते म्हणाला होतात. तिच्या नजरेस पडलं तर बरं.

कागदी कप बंद करायचं खूळ माझं. तीस माणसं, दोन वेळचा चहा, रोजचे साठ कप. मी सगळ्यांना मेल टाकला: कपाला आतून प्लास्टिकचा पातळ थर असतो, तो ना रद्दीत जातो ना खतात. मार्च २०१८ च्या प्लास्टिकबंदीचा दाखलाही जोडला. "रद्दीवाला घेत नाही तो कागद कसला?" हे तुमचं वाक्य न विचारता ढापलं. उत्तर एकच आलं, अकाउंट्सच्या साहेबांचं, तेही सगळ्यांना: "पर्यावरणमंत्र्यांनी आधी स्वतःची स्कूटर विकावी." आठवडाभर ऑफिस हसत होतं. मग मीही पेटले. येता-जाता त्यांच्या टेबलावरचे कप मोजायचे, टोमणे मारायचे. ते एकात एक असे दोन कप घालून चहा प्यायचे, माझ्याकडे बघत.

फरशी पुसता पुसता तुम्ही हे सगळं बघत होतात. एकदा म्हणालात, "ताई, ते रागाने नाही दोन घेत. एकाने बोटं भाजतात. स्टीलचा पेला तर त्याहून भाजतो. आणि मागे धुतलेल्या पेल्याला लिपस्टिक निघाली, तेव्हापासून दुसऱ्याचं भांडं नको वाटतं त्यांना."

महिनाभर भांडत होते मी, पण विचारलं नव्हतं.

पुढचं सगळं तुम्हीच जमवलंत. कानाचे चिनीमातीचे कप आणायला लावलेत, प्रत्येकाच्या तळाशी नेलपॉलिशची खूण. साहेबांची लाल टिकली. पहिल्या दिवशी त्यांच्यासमोर गरम पाण्याने कप विसळलात, टिकली दाखवलीत, चहा ओतलात. बोललात काहीच नाही. आठवड्याभरात ते स्वतः पँट्रीत येऊन विचारायला लागले, "माझा टिकलीवाला कुठाय?"

एक मात्र मला अजून डाचतं. तीस कप धुण्याचं काम तुमच्या अंगावर पडलं आणि माझ्या त्या लांबलचक मेलमध्ये त्याचा एक शब्द नव्हता. तुम्ही गेल्यावर कळलं. आता ज्याचा कप त्याने धुवायचा. नियम साहेबांनीच काढला आणि माझा कप सिंकमध्ये दिसला की हाक मारतात.

एसीचं भांडण चालूच आहे. २०२० नंतरचा आहे, त्यामुळे नियमाप्रमाणे सुरू होतो २४ अंशांवर. साहेब १८ वर नेतात. एक अंश वर ठेवला की साधारण सहा टक्के वीज वाचते, हे मला तोंडपाठ आहे. पण यावेळी आधी त्यांच्या खुर्चीत बसून पाहिलं. पश्चिमेची काच, तीनचं ऊन थेट मानेवर. पडद्याचं माप देऊन आले आहे.

तुमची,
कपवाली ताई