रोजच्या प्रवासासाठी मोटार: लीज की खरेदी?

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

मोटारींच्या जाहिरातींत आणि वाहनविषयक लेखांतही लीज (ठरलेल्या मुदतीसाठी गाडी भाड्याने घेऊन शेवटी परत करणे) व कर्ज यांची तुलना बहुतेक वेळा मासिक हप्त्यावरच केलेली आढळते. लीजचा हप्ता कमी, कर्जाचा जास्त, तेव्हा लीज परवडते, असा हिशेब वाचकापुढे ठेवला जातो. जो माणूस प्रामुख्याने कामावर जाण्या-येण्यासाठी गाडी घेतो, त्याची या तुलनेने दिशाभूल होते, असे माझे मत आहे.

लीजचा हप्ता कमी असण्यात औदार्याचा भाग काही नाही. लीजमध्ये आपण गाडीची पूर्ण किंमत फेडत नसतो. ठरलेल्या मुदतीत तिची किंमत जेवढी उतरेल असा कंपनीचा अंदाज असतो तेवढा घसारा आणि गुंतलेल्या रकमेवरचे व्याज, एवढेच भरत असतो. समजा गाडीची किंमत १०० भाग आहे, तीन वर्षांनी ती ५५ भाग उरेल असे धरले आहे आणि व्याजाचा दर दोन्हीकडे वार्षिक ९ टक्के आहे. घसाऱ्याचे ४५ भाग ३६ महिन्यांत विभागले की महिन्याला १.२५ भाग होतात, त्यात व्याजाचे सुमारे ०.५८ मिळवले की हप्ता १.८३ भागांचा येतो. तीच गाडी पूर्ण रकमेच्या पाच वर्षांच्या कर्जावर घेतली, तर हप्ता सुमारे २.०८ भागांचा बसतो. तीन वर्षांत लीज घेणारा ६६ भाग भरतो आणि कर्ज घेणारा ७५. मात्र कर्ज घेणाऱ्याच्या डोक्यावर तेव्हा ४५ भागांच्या आसपास कर्ज उरलेले असते आणि दारात ५५ भागांची गाडी उभी असते; म्हणजे त्याने जादा भरलेले नऊ भाग जवळपास तसेच्या तसे त्या गाडीत शिल्लक असतात. विमा, कर आणि देखभाल क्षणभर बाजूला ठेवली, तर या टप्प्यावर दोघेही बरोबरीत आहेत.

खरा फरक त्यानंतर पडतो. कर्ज घेणाऱ्याचे हप्ते पाचव्या वर्षाअखेर संपतात आणि त्यापुढे गाडी जितकी वर्षे चालेल तितकी वर्षे त्याला इंधन, विमा आणि दुरुस्ती एवढाच खर्च उरतो, तर दर तीन वर्षांनी नवी लीज घेणारा मनुष्य घसारा सर्वांत जोरात होणाऱ्या सुरुवातीच्या वर्षांतच कायम अडकून राहतो. कामावर नेणारी गाडी आठ-दहा वर्षे वापरण्याची ज्याची तयारी आहे, त्याने लीजच्या वाटेला जाऊ नये.

दुसरा मुद्दा किलोमीटर मर्यादेचा आहे आणि रोज ये-जा करणाऱ्यासाठी तो सर्वांत महत्त्वाचा आहे. लीजच्या करारात वर्षाला किती किलोमीटर चालवायचे ते ठरलेले असते आणि वरच्या प्रत्येक किलोमीटरला वेगळा आकार पडतो. कार्यालय घरापासून ३० किलोमीटरवर असेल आणि वर्षात कामाचे दिवस २४० धरले, तर नुसत्या जाण्या-येण्याचे १४,४०० किलोमीटर होतात. करारातली मर्यादा १५,००० ची असेल, तर उरलेल्या सगळ्या फिरण्यासाठी महिन्याला ५० किलोमीटर हाती राहतात. बाजारहाट, दवाखाना, नातेवाईक, सुट्टीतील प्रवास हे सारे त्यातच बसवायचे. जादा किलोमीटर करार करतानाच मागून घेतले तर ते सहसा स्वस्त पडतात. गाडी परत करताना मोजले गेले तर महाग. उलट ज्याचे कार्यालय जवळ आहे त्याने मर्यादेच्या निम्मेच किलोमीटर वापरले तरी उरलेल्यांचे पैसे त्याला बहुधा परत मिळत नाहीत. खरेदी केलेल्या गाडीचीही किंमत जास्त चालवल्याने उतरतेच, हे मान्य. पण गाडी शेवटपर्यंत वापरणाऱ्याला त्याची झळ फार लागत नाही.

गाडी परत करण्याच्या दिवसाचे वर्णन जाहिरातीत कधी नसते. तपासनीस गाडीभोवती फिरून बंपरवरचे ओरखडे पाहतो, पदपथाला घासलेली चाकांची रिम टिपून घेतो, टायरच्या खाचांची खोली मोजतो. अनेक देशांत कायद्याला १.६ मिलिमीटर खोली पुरते, परंतु करारात त्याहून अधिक मागितलेली असू शकते. ‘नेहमीची झीज’ कशाला म्हणायचे, हे करारात मोजमापासह लिहिलेले आहे की नाही, ते सही करण्याआधी पाहावे. रोज गर्दीतून वाट काढणाऱ्या आणि मिळेल त्या फटीत उभ्या राहणाऱ्या गाडीला ओरखडे पडणारच.

नोकरी बदलली, बदली झाली किंवा घरून काम करण्याची मुभा मिळाली, तर प्रवासच संपतो. स्वतःची गाडी विकून कर्ज फेडता येते, जरी पहिल्या एक-दोन वर्षांत विक्रीची रक्कम शिल्लक कर्जापेक्षा कमी भरण्याचा धोका असतो. लीज मुदतीआधी मोडणे मात्र बहुधा त्याहून जड जाते, कारण कित्येक करारांत उरलेल्या हप्त्यांचा मोठा भाग एकरकमी मागितला जातो. हप्ता आणखी कमी दिसावा म्हणून सुरुवातीला मोठी रक्कम भरण्याचा आग्रह होतो, त्यालाही बळी पडू नये. अपघातात गाडी पूर्ण निकामी झाली तर ती रक्कम सहसा परत येत नाही.

लीज सरसकट वाईट आहे, असे मात्र मला म्हणायचे नाही. दर तीन वर्षांनी गाडी बदलायचीच असेल तर ती तोट्याची नाही. विजेवरच्या गाडीच्या बाबतीत तर ती शहाणपणाचीही ठरू शकते, कारण तंत्रज्ञान झपाट्याने बदलत असताना जुन्या गाडीला पुढे काय भाव येईल हे सांगणे कठीण असते आणि लीजमध्ये तो धोका कंपनीकडे जातो. (बॅटरीला अनेक उत्पादक आठ वर्षांची हमी देतात, त्यामुळे दीर्घकाळ वापरणाऱ्यानेही अकारण घाबरू नये.) माझी स्वतःची पसंती दोन-तीन वर्षे वापरलेल्या, देखभालीची नोंद असलेल्या गाडीच्या खरेदीला आहे. तिच्या घसाऱ्याचा मोठा वाटा पहिल्या मालकाने सोसलेला असतो आणि कार्यालयाबाहेर दिवसभर उन्हात उभी राहण्याचे काम नवी गाडी काही अधिक चांगले करते असे नाही.

कर्ज घेणाऱ्यांनीही व्याजाचा दर घटत्या शिल्लकीवर आहे की मूळ रकमेवर सरसकट, हे विचारावे. पाच वर्षांसाठी सरसकट ५ टक्के म्हणजे घटत्या शिल्लकीवर ९ टक्क्यांहून थोडे अधिकच होतात.

आपल्या वृत्तपत्रात यापुढे अशी तुलना प्रसिद्ध होईल, तेव्हा हप्त्याच्या जोडीला तीन आणि आठ वर्षांचा एकूण खर्च आणि त्यावरून निघणारा प्रतिकिलोमीटर खर्च द्यावा, करारातील किलोमीटर मर्यादा किती गृहीत धरली आहे तेही छापावे, अशी विनंती आहे.

आपला नम्र,
एक नियमित वाचक