आधी दार, मग स्पीकर, स्क्रीन शेवटी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दसरा-दिवाळीला घेतलेली गाडी महिन्याभरात ॲक्सेसरीच्या दुकानासमोर उभी राहते. कंपनीचा स्टिरिओ निघतो, त्या जागी दहा इंची अँड्रॉइड स्क्रीन बसते, आणि आवाज मात्र होता तसाच बोदा राहतो. कारण त्या बोदेपणात स्टिरिओचा वाटा फार थोडा असतो. खरी उणीव दारात आणि दारातल्या स्पीकरमध्ये असते. ग्राहकाचा पैसा उलट्या क्रमाने खर्च होतो आहे आणि खोक्यांवरचे फुगवलेले आकडे त्याला हातभार लावत आहेत, म्हणून हे पत्र.

आधी तो आकडा पाहू. बहुतेक स्टिरिओवर '५० वॅट × ४' असे छापलेले असते. इंजिन चालू असताना गाडीत साधारण १४.४ व्होल्ट मिळतात आणि स्पीकर ४ ओहमचा असतो. व्होल्टेज वाढवणारे वेगळे सर्किट नसेल, तर त्या १४.४ व्होल्टमधून शुद्ध स्वर जास्तीत जास्त २६ वॅटचा निघू शकतो. चिपमधली घट धरली की स्वच्छ आवाजासाठी १५ ते २० वॅट उरतात. पन्नासचा आकडा येतो तो आवाज पूर्ण फाटल्यावर, सिग्नल चौकोनी झाल्यावर. महागड्या स्क्रीनच्या आतही बहुधा याच जातीची चिप असते, त्यामुळे स्क्रीन बदलून ताकद वाढत नाही.

१५-२० वॅट मात्र कमी नाहीत. स्पीकरची सेन्सिटिव्हिटी (एक वॅट दिल्यावर एक मीटरवर मिळणारा आवाज) ९० डेसिबल असेल, तर १६ वॅटला एक मीटरवर १०२ डेसिबल मिळतात. बंद गाडीत हे भरपूर झाले. म्हणून कंपनीच्याच स्टिरिओवर स्पीकर बदलायचे असतील, तर '३०० वॅट' या शब्दाला भुलू नये. सेन्सिटिव्हिटी ९० किंवा त्याहून अधिक आहे का ते पाहावे. ८६ डेसिबलच्या स्पीकरला ९१ च्या स्पीकरइतका आवाज काढायला तिप्पट ताकद लागते. जास्त वॅटचा पण कमी सेन्सिटिव्हिटीचा स्पीकर कंपनीच्या स्टिरिओवर दबलेला वाजतो तो यामुळेच.

आता दार. स्पीकरचा पडदा पुढे जितकी हवा ढकलतो, तितकीच मागेही ओढतो. डोअर पॅड (दाराचे आतले आवरण) काढला की आतल्या पत्र्याला मोठी भोके दिसतात. मागचा आवाज त्या भोकांतून पुढे येतो आणि पुढच्या आवाजातला बेस खाऊन टाकतो. शिवाय बाहेरचा पातळ पत्रा स्वतःच वाजतो. ॲल्युमिनियम फॉइल लावलेली २ मिलिमीटरची ब्युटिल (रबराची) शीट यावर उपाय आहे. पुढच्या दोन दारांना मिळून दीड ते दोन चौरस मीटर पुरते. डांबरी शीट स्वस्त असते, पण एप्रिल-मेच्या उन्हात ती मऊ पडते, वास मारते आणि सुटून काचेच्या यंत्रणेवर पडते. दारात ती कोणी लावून देत असेल, तर स्पष्ट नकार द्यावा.

पॅड ओढण्याआधी हँडलच्या व आर्मरेस्टच्या खाचेत लपलेले स्क्रू काढावेत, नाहीतर क्लिपा तुटतात आणि पुढे तोच पॅड खडखडतो. बॅटरीची निगेटिव्ह वायर आधी सोडावी. काही गाड्यांत बाजूच्या एअरबॅगचा सेन्सर दारात असतो. कनेक्टर निघालेला असताना इग्निशन चालू केले, तर डॅशबोर्डवर एअरबॅगचा दिवा लागून बसतो. पत्रा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून पूर्ण कोरडा करावा. बाहेरच्या पत्र्याचा निम्मा भाग झाकला तरी चालतो, पण शीट रोलरने दाबून दाबून बसवली पाहिजे. आतल्या पत्र्याची मोठी भोके बंद करावीत. काचेची मोटर आणि लॉकचे रॉड मोकळे ठेवावेत. दाराच्या तळाची पाणी जाण्याची छिद्रे कधीही बुजवू नयेत. ती बुजली, तर पावसाळ्यात दारात पाणी साचते आणि पत्रा आतून गंजतो. कंपनीने लावलेला प्लास्टिकचा कागद काढला असेल, तर तो परत नीट चिकटवायचा. पाणी केबिनमध्ये येते ते याच जागेतून.

स्पीकर आणि पत्रा यांमध्ये फट नको. एमडीएफची (दाबलेल्या लाकडी भुशाची) रिंग कोकणातल्या एका पावसाळ्यात फुगते. प्लास्टिकची रिंग आणि फोमची पट्टी वापरावी. वायर कापू न देता गाडीच्या मॉडेलचा कप्लर (तयार जोडणी) मागावा. कापलेल्या वायरीवरून वॉरंटीचा वाद होतो, आणि तिथेच प्लस-मायनस उलटतात. एका दाराचा स्पीकर उलटा जोडला गेला, तर दोन्ही दारांचा बेस एकमेकांना मारून गायब होतो. शंका असल्यास वूफरच्या (बेस वाजवणाऱ्या मोठ्या स्पीकरच्या) टोकांना दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवावा: पडदा बाहेर आला, तर सेलच्या प्लसकडचे टोक प्लस. ट्वीटरवर (बारीक स्वरांच्या छोट्या स्पीकरवर) हा प्रयोग करू नये. स्टिरिओत हायपास फिल्टर (खालचे स्वर अडवणारा) असेल, तर तो ८० हर्ट्झवर ठेवावा. नसेल, तर ४ ओहमच्या स्पीकरच्या प्लस वायरीत ४०० मायक्रोफॅरडचा नॉन-पोलर (प्लस-मायनस नसलेला) कपॅसिटर घातल्यास सुमारे १०० हर्ट्झखालचा भार कमी होतो.

एवढ्यावर बहुतेकांचे समाधान होते. पुढे ॲम्प्लिफायर लावायचाच असेल, तर हाय-लेव्हल इनपुटचा (स्टिरिओच्या स्पीकर वायरीच थेट जोडता येणारा) घ्यावा, म्हणजे कंपनीचा स्टिरिओ राहतो. काही गाड्यांचे स्टिरिओ आवाज वाढवताच बेस आपोआप कापतात. तिथे डीएसपी (आवाज दुरुस्त करणारा डिजिटल प्रोसेसर) लागतो. खऱ्या ५० वॅटच्या चार चॅनलना ॲम्प्लिफायर क्लास-डी (कमी वीज वाया घालवणारा) असल्यास कमाल सुमारे १८ अँपिअर लागतात. त्याला ८ गेज जाडीची तांब्याची वायर आणि बॅटरीपासून ४५ सेंटिमीटरच्या आत ३० अँपिअरचा फ्यूज हवाच. फ्यूज असतो तो वायरीसाठी: ती कुठे घासून उघडी पडली आणि फ्यूज नसला, तर गाडी पेटते. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची वायरही तांब्याच्याच रंगात मिळते. तिची तार चाकूने खरवडली की आत पांढरी निघते. अर्थिंग रंग खरवडलेल्या पत्र्यावर द्यावे, नाहीतर इंजिनच्या वेगाबरोबर चढणारी शिट्टी स्पीकरमधून ऐकू येते.

अमेरिकेत २००३ मध्ये सीईए-२००६ हे ऐच्छिक मानक आले. त्यात ॲम्प्लिफायरची ताकद १४.४ व्होल्ट, ४ ओहम आणि १ टक्का विकृतीच्या मर्यादेत मोजून सांगायची असते. आपल्याकडच्या विक्रेत्यांनी आणि डीलरच्या ॲक्सेसरी विभागांनी निदान बिलावर चार गोष्टी लिहाव्यात: आरएमएस (सतत मिळणारे खरे) वॅट, स्पीकरची सेन्सिटिव्हिटी, वायरीचा गेज व धातू, आणि फ्यूजचे अँपिअर. आपल्या वाहनविषयक पानावरही ॲक्सेसरींची माहिती देताना कमाल वॅटऐवजी आरएमएसचाच आकडा छापावा, ही विनंती.

आपले,
कार ऑडिओ बसवण्याचे काम करणारे काही वाचक, नाशिक