नवा पंथ, जुना पंथ

सॉल्ट लेक सिटी, युटा

तीर्थरूप अण्णांस,
लेकीचा दंडवत प्रणाम. आजीला आणि आईलाही दंडवत सांगा.

शेजारचे लोक ज्या चर्चमध्ये जातात तो धर्म आहे की कुठला नवा पंथ, आणि तुला त्यात ओढतात का, असं तुम्ही फोनवर विचारलंत. ते घाईत सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून लिहिते. ओढत नाहीत. त्यांची तरुण पोरं छातीवर नावाची पट्टी लावून दारोदार प्रचाराला जातात. मुलं दोन वर्षं, मुली दीड वर्ष. माझ्याकडंही आली. पाणी दिलं, ऐकून घेतलं, नको म्हटलं, तिथं संपलं.

त्यांना मॉर्मन म्हणतात. 1830 साली न्यूयॉर्क राज्यात जोसेफ स्मिथ नावाच्या तरुणानं हे चर्च स्थापन केलं. 1844 मध्ये जमावानं तुरुंगात घुसून त्याला मारलं, आणि ब्रिगहॅम यंगच्या मागं त्याची माणसं 1847 मध्ये या ओसाड खोऱ्यात येऊन राहिली. चहा-कॉफी नाही, दारू-तंबाखू नाही, कमाईचा दहावा हिस्सा चर्चला.

ते स्वतःला ख्रिस्तीच म्हणवतात. बाकीची बरीच चर्चं मात्र ते मानायला तयार नाहीत. सन 325 च्या निकिया परिषदेनं पिता आणि पुत्र एकाच तत्त्वाचे ठरवले. मॉर्मन पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा हे तिघं वेगवेगळे मानतात. शिवाय बायबलच्या जोडीला त्यांचे आणखी ग्रंथ आहेत, आणि प्रेषित आजही हयात असतो अशी श्रद्धा.

शेजारच्या काकू हे सांगत होत्या आणि मला आपलंच महानुभाव पंथाचं घर दिसत होतं. जीव, देवता, प्रपंच म्हणजे हे जग, आणि परमेश्वर ही चारही तत्त्वं अनादी आणि वेगवेगळी. देवता फळ देतील, मोक्ष फक्त परमेश्वर देईल, हे तुम्हीच आम्हाला शिकवलंत. तेवढ्यापायी जत्रेतल्या देवाचा प्रसाद घेतला नाही की आजीला गावात किती ऐकून घ्यावं लागायचं! पंथ स्थापणाऱ्या चक्रधर स्वामींना साडेसातशे वर्षं होत आली तरी. पैठणच्या शास्त्रीपंडितांच्या काळात मराठीतून ज्ञान सांगणारा, बायकांना आणि शूद्रांना संन्यास देणारा आपला पंथ नवाच होता की. पुढं पोथ्या सकळ या आपल्या सांकेतिक लिपीत लिहून बाहेरच्यांपासून जपाव्या लागल्या.

म्हणून नवा आहे एवढ्यावरून मी कुणालाही नावं ठेवणार नाही, अण्णा. तुमची भीती मात्र खोटी नाही. 1978 साली गयानातल्या जोन्सटाउनमध्ये एका गुरूच्या नादानं नऊशेहून अधिक माणसं जिवानिशी गेली, त्यात लहान लेकरंही होती. 1995 मध्ये टोकियोच्या भुयारी रेल्वेत ओम शिनरिक्यो या पंथाच्या लोकांनी विषारी वायू सोडला. तरी इथले बरेच अभ्यासक अशा सगळ्यांना सरसकट एका शिवीत न बसवता 'नव्या धार्मिक चळवळी' म्हणतात, आणि मला ते पटतं. मी तीनच गोष्टी बघते: गुरूला प्रश्न विचारता येतो का, पैशाचा हिशेब उघडा आहे का, आणि सोडून जाणाऱ्याचं काय होतं.

सोडून गेलेला एक जण माझ्या ऑफिसातच आहे. याच चर्चमध्ये वाढला, आता देवच मानत नाही. देव आहे की नाही हे कळूच शकत नाही, असं म्हणणाऱ्यांतलाही तो नाही, नाहीच म्हणतो. रविवारी आईकडं जेवायला मात्र न चुकता जातो. देवाशिवाय धर्म कसा असेल, असं तो म्हणाला, तेव्हा त्याला वेरूळचं सांगितलं. एकाच डोंगरात बौद्ध, हिंदू आणि जैन लेणी. आणि त्यातल्या जैनांच्या आणि बौद्धांच्या मतात जग निर्माण करणारा ईश्वरच नाही. तो बराच वेळ फोटो बघत बसला. मग चार्वाकांचं सांगितलं. परलोक, आत्मा, यज्ञ सगळं नाकारणारे लोक आपल्याकडं इतके जुने आहेत, हे त्याला खरंच वाटेना. माणूस मनापासून विचार करून नास्तिक झाला असेल, तर मला त्याचा आदर वाटतो. आजीला हे आवडणार नाही, तरी वाचून दाखवा.

एक काम आहे. शेजारच्या काकूंच्या चर्चमध्ये बायकांना पौरोहित्याचा अधिकार नाही, म्हणून त्यांनी विचारलं की तुमच्याकडं बायकांना संन्यास कधीपासून. मी स्वामींची शिष्या महदाइसेचं नाव सांगितलं, तिचे धवळे म्हणजे लग्नगीतं सांगितली, पण पुढं त्यांनी खोदून विचारलं तेव्हा मला नीट सांगता येईना. तुम्ही सविस्तर लिहा, मी त्यांना समजावून सांगेन. अक्षर जरा मोठं काढा.

तुमची,
लेक