वजन उतरलं आणि कोलेस्टेरॉल चढलं: लेकीला पत्र

प्रिय मनू,

तुझा मेसेज वाचला. "बाबा, एवढा जीव काढून हेच मिळणार असेल तर मी उद्यापासून डाएट बंद करतेय" असं लिहिलंयस, आणि लगेच त्याच्याखाली "नाहीतर कोलेस्टेरॉल वगैरे सगळं झूट आहे म्हणणारे व्हिडिओच खरे असतील". तुला ह्या दोन्ही टोकांवरून खाली उतरवायचंय म्हणून हे लांबलचक टाइप करत बसलोय. फोनवर मी चार वाक्यं बोलेपर्यंत तुझं "हो बाबा, कळलं बाबा" सुरू होतं, इथे तेवढी सोय नाहीये तुला.

तर मी काय केलं, ह्या लो कार्ब डाएटच्या आधीचा तुझा रिपोर्ट शोधून काढला आणि आत्ताचा त्याच्या शेजारी ठेवला. तू बघितलास तो सगळ्यात वरचा ठळक छापलेला आकडा, टोटल कोलेस्टेरॉल २०४ चं २६८, बाजूला तो 'हाय'चा एच, आणि तिथेच धीर सोडलास. खाली बघ ना जरा. ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली चरबी, १९० होतं ते ९० वर आलंय. एचडीएल, म्हणजे चांगलं कोलेस्टेरॉल, ४४ चं ५२ झालंय. म्हणजे वजन कमी केलंस त्याचा फायदा रिपोर्टमधे चक्क छापून आलाय, वाया काहीच गेलेलं नाही. बिघडलंय ते एकच, एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, १२२ चं १९८. मी पेन्सिल घेऊन ताळाही करून बघितला, बऱ्याच लॅब एलडीएल थेट मोजत नाहीत, १९७२ सालचं फ्रीडवाल्डचं सूत्र वापरून काढतात, टोटलमधून एचडीएल वजा करायचं आणि ट्रायग्लिसराइडचा पाचवा हिस्सा वजा करायचा. २६८ मधून ५२ गेले, अजून १८ गेले, उरले १९८. (ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर असलं की हे सूत्र चालत नाही, तुझा तो प्रश्नच नाही.) तेव्हा लॅबची बेरीज-वजाबाकी बरोबर आहे.

आता तुझा खरा राग कशावर आहे ते मला कळतंय. तुझ्या डोक्यात असं होतं की वजन कमी झालं की सगळे आकडे आपोआप लाइनीत येणार. तसं नसतं गं. वजनाचं खातं वेगळं आणि कोलेस्टेरॉलचं खातं वेगळं, एका खात्यात भरलेलं दुसऱ्यात थोडंफार वळतं होतं पण आपोआप सगळं नाही होत. घरातलंच उदाहरण बघ की, मी आयुष्यभर काडीपैलवान, पॅन्टला पट्टा लावूनही कमरेवर राहत नाही, आणि गोळी सुरू व्हायच्या आधी माझं एलडीएल २०० च्या वर असायचं. माझं आनुवंशिक आहे असं डॉक्टरांनी सांगितलंय. अडीचशेतल्या साधारण एका माणसात हा प्रकार असतो आणि आई-बापातल्या एकाला असला तर प्रत्येक मुलात उतरायची शक्यता निम्मी. तुझा रिपोर्ट आल्यावर माझ्या पोटात गोळा आला तो ह्याच्यामुळे. पण मग तो जुना १२२ दिसला. माझ्याकडून तुझ्यात ते आलं असतं तर तेव्हाही आकडा असाच फुगलेला असता, एकाएकी चढला नसता. म्हणून माझा अंदाज आहे की तू त्यातून सुटलीयस आणि जे झालंय ते ह्या मधल्या काळातलं आहे. तरी डॉक्टरांना माझं आणि आजोबांच्या हार्ट अॅटॅकचं नक्की सांग, ते त्यांना माहीत हवं.

मधल्या काळात काय बदललं ते मी डोळ्यांनी बघितलंय. मागच्या वेळी आलीस तेव्हा तुझी ती सकाळची कॉफी. कॉफीची भुकटी त्या काचेच्या भांड्यात, वरून उकळतं पाणी, मग ती जाळी दाबून खाली, इथपर्यंत ठीक. मग मगात लोण्याचा एक मोठा चमचा, मी म्हटलं झालं, तर दुसरा चमचा, आणि वर खोबरेल तेल, आणि ते सगळं मिक्सरमधे फिरवून त्याच्यावर पिवळसर फेस. एक घोट मलाही दिलास. चवीला बरी होती, खोटं कशाला बोलू.

पण हिशोब कर. मोठ्या चमचाभर लोण्यात साधारण ७ ग्रॅम सॅच्युरेटेड फॅट, म्हणजे थंडीत घट्ट होणारी चरबी, असतं, दोन चमचे म्हणजे १४. खोबरेल तेल तर जवळजवळ सगळंच सॅच्युरेटेड, त्याच्या एका मोठ्या चमच्यात ११-१२ ग्रॅम. म्हणजे सकाळी तोंडात घास जायच्या आधी २५ ग्रॅम झाले. तुझं दिवसाचं खाणं १६०० कॅलरीचं धरलं तर जागतिक आरोग्य संघटनेच्या १० टक्क्यांच्या मर्यादेने दिवसभरात जास्तीत जास्त १८ ग्रॅम बसतात, आणि ज्यांना एलडीएल खाली आणायचंय त्यांच्यासाठी अमेरिकेतली हार्ट असोसिएशन ६ टक्क्यांच्या आत म्हणते, ते होतात जेमतेम ११. आणि हे एका मगातलंच, त्यापुढे दिवसभर ते क्रीम आणि लाल मटण वेगळंच.

हे फॅट करतं काय, तर लिव्हरच्या पेशींवर एलडीएलला पकडून आत ओढून घेणारे रिसेप्टर असतात. ब्राऊन आणि गोल्डस्टीन ह्या दोघांनी ते शोधून काढले आणि १९८५ साली त्यांना त्याचं नोबेल मिळालं. सॅच्युरेटेड फॅट खूप झालं की लिव्हर हे रिसेप्टर कमी करते, मग एलडीएल रक्तातच फिरत राहतं आणि रिपोर्टमधे चढलेलं दिसतं. तू साखर आणि पिष्टमय पदार्थ बंद केलेस म्हणून ट्रायग्लिसराइड उतरलं आणि त्याच डाएटमधल्या लोण्यामुळे एलडीएल चढलं, दोन्ही गोष्टी एकाच ताटातून आल्या. आणि गंमत म्हणजे लो कार्बवर एलडीएल सगळ्यात जास्त उडतं ते आधीच सडपातळ असलेल्यांचं, जाड माणसांचं तेवढं नाही. तू सुरुवात केलीस तेव्हा बारीक नव्हतीस पण आता बऱ्यापैकी झालीयस, तेव्हा तुलाही ते लागू होत असेल.

तुझ्या कॉफीत अजून एक भानगड आहे. जाळीतून गाळलेल्या किंवा नुसत्या उकळलेल्या कॉफीत कॅफेस्टॉल नावाचा तेलकट घटक उतरतो, तो स्वतःच एलडीएल वाढवतो. कागदी फिल्टरमधे तो अडकतो. कॉफी सोडू नकोस, कागदातून गाळ आणि लोणी कपाच्या बाहेर ठेव, एवढंच.

अजून एक कारण आहे जे कोणी फारसं सांगत नाही. आपल्या चरबीत कोलेस्टेरॉलही साठलेलं असतं, आणि चरबी वितळायला लागली की ते रक्तात येतं. १९९१ साली ह्याच्यावर एक छोटासा अभ्यास छापून आला होता, सहाच बायका होत्या त्यात, भरपूर वजन उतरवलेल्या. त्यांचं कोलेस्टेरॉल आधी खाली गेलं, मग वजन उतरत असतानाच वर चढलं, आणि वजन स्थिर झाल्यावर परत खाली आलं. म्हणून पुढची टेस्ट भराभर वजन उतरत असताना करू नकोस, काही आठवडे काटा एका जागी राहू दे आणि मग रक्त दे. पण हे वाचून "बघा बाबा, आपोआप जाईल" असं मला ऐकवू नकोस. ७६ ची उडी नुसत्या वितळलेल्या चरबीने आली असेल हे मला पटत नाही, माझा मोठा संशय त्या मगावरच आहे.

आणि हो, वजन उतरवायची घाई पण जरा कमी कर. आठवड्याला दीड किलोच्या वर उतरायला लागलं की लिव्हर पित्तात जास्त कोलेस्टेरॉल सोडते आणि पित्ताशयात खडे व्हायचा धोका वाढतो. जेवणानंतर उजव्या बरगडीखाली जोरात दुखलं तर गॅस समजून अंगावर काढू नकोस.

डाएट बंद करायचं नाही, चरबीचा प्रकार बदलायचा. लोणी, क्रीम, खोबरेल ह्यांच्या जागी ऑलिव्ह, सूर्यफूल, सोयाबीन असली तेलं, बदाम-अक्रोड, मासे. चीज थोडं खाल्लंस तर चालेल, लोण्याइतकं ते एलडीएल वाढवत नाही. एक चूक मात्र लोक हमखास करतात, लोणी काढतात आणि त्या जागी 'फॅट फ्री' लिहिलेली बिस्किटं खातात, मग तुझं ते कष्टाने आणलेलं ९० परत १९० व्हायला वेळ लागणार नाही. त्यापेक्षा ओट्स, बार्ली, कडधान्यं, इसबगोल. ह्यातला विरघळणारा फायबर आतड्यात पित्ताला बांधून बाहेर नेतो आणि मग नवीन पित्त करायला लिव्हरला रक्तातलं कोलेस्टेरॉल ओढून घ्यावं लागतं. ओट्समधला बीटा ग्लुकन रोज ३ ग्रॅम पोटात गेला तर एलडीएल ५ ते १० टक्के उतरतं, जादू नाहीये पण फुकट मिळतंय. अंड्यांवर एवढी चिडू नकोस, पिवळ्या बलकात कोलेस्टेरॉल असतं खरं, पण शरीरातलं बहुतेक कोलेस्टेरॉल शरीर स्वतःच बनवतं आणि खाण्यातल्या कोलेस्टेरॉलपेक्षा ते अंडं कशात तळलंस ह्याने जास्त फरक पडतो. व्यायाम चालू ठेव, त्याने एलडीएल फार हलत नाही पण बाकी सगळ्यासाठी हवाच.

आता व्हिडिओंचं. "एलडीएलचे कण मोठे आणि हलके असले की धोका नाही" हे त्यातलं लाडकं वाक्य. एवढी शंका असेल तर अॅपोबी ह्या प्रोटीनची टेस्ट कर, प्रत्येक एलडीएल कणावर अॅपोबी एकच असतो, म्हणून त्यात कणांची संख्याच कळते. काही माणसांमधे पीसीएसके९ नावाचा जीन जन्मापासून नीट चालत नाही आणि त्यामुळे एलडीएल आयुष्यभर कमी राहतं. २००६ साली छापलेल्या अमेरिकेतल्या अभ्यासात अशा कृष्णवर्णीय लोकांचं एलडीएल इतरांपेक्षा २८ टक्के कमी होतं आणि हृदयविकार तब्बल ८८ टक्के कमी. ह्यांनी ना डाएट केलं ना गोळ्या घेतल्या. ह्याचं उत्तर त्या व्हिडिओवाल्या बुवाकडे असेल तर मला पाठव.

डॉक्टरकडे जाशील तेव्हा थायरॉइडचं विचार, थायरॉइड कमी पडलं की एलडीएल चढतं आणि तुझ्या वयाच्या मुलींमधे ते सर्रास सापडतं. टीएसएच, म्हणजे थायरॉइडची टेस्ट, त्याच रक्तात होऊन जाईल, सुई एकदाच. तू ज्या गोळ्या घेतेस त्या सगळ्या सांग, पिंपल्सच्या औषधासकट, काही औषधांनी लिपिड, म्हणजे हेच चरबीचे आकडे, वर जातात. एलपी लिट्ल ए म्हणून आनुवंशिक कोलेस्टेरॉल-कणाची एक टेस्ट आहे, आयुष्यात एकदा केली की पुरते, आपल्या घरचा इतिहास बघता करून टाक.

आणि १९० च्या वर एलडीएल राहिलं तर डॉक्टर स्टॅटिनच्या गोळीचं नाव काढतात, हे आधीच सांगून ठेवतो म्हणजे तिथे रडारड नको. तुझं कारण बदलता येण्यासारखं दिसतंय, तर लोणी सोडून दीड-दोन महिन्यांनी परत टेस्ट करायची का असं त्यांना विचार, खाण्याचा फरक तेवढ्यात दिसतो. तरी नाही उतरलं आणि गोळी दिली तर घे. मी घेतोच की इतकी वर्षं. अकिरा एंडो नावाच्या एका जपानी माणसाने १९७० च्या दशकात बुरशीतून हे औषध पहिल्यांदा वेगळं काढलं आणि १९८७ मधे पहिलं स्टॅटिन बाजारात आलं, मला तर त्या माणसाबद्दल देवमाणूस असंच वाटतं. फक्त तुमचा दोघांचा बाळाचा विचार असेल तर डॉक्टरांना आधी सांग, गरोदरपणात ही गोळी सहसा बंद ठेवतात, आणि गरोदरपणात कोलेस्टेरॉल तसंही वाढतं. मला ह्यातलं काही सांगायची गरज नाही, डॉक्टरांना सांग.

आईला मी अजून काही बोललेलो नाही. रिपोर्ट कसा आला म्हणून तिने दोनदा विचारलं, मी म्हटलं अजून आलेला नाही. तूच फोन कर आणि ट्रायग्लिसराइडपासून सुरुवात कर, एलडीएल मागून सांग.

बाबा