बुलपेनमधले चेंडू कोण मोजणार?

संपादक महोदय,

मेजर लीग बेसबॉलमधल्या रिलीफ पिचरला, म्हणजे सामन्याच्या मध्येच उतरणाऱ्या बदली गोलंदाजाला, एका इनिंगचा पाहुणा समजणे अन्यायाचे आहे. डगआउटमधून, म्हणजे संघाच्या बाकांवरून, फोन आला की तो बुलपेनमध्ये, म्हणजे पिचरांच्या सरावाच्या जागेत, वीसेक चेंडू टाकून हात गरम करतो. सामन्याचा रंग पालटला की खाली बसतो, अर्ध्या तासाने पुन्हा उठतो. हे चेंडू अधिकृत पिच-काउंटमध्ये, म्हणजे टाकलेल्या चेंडूंच्या मोजणीत, धरले जात नाहीत, कोपर मात्र ते सगळे मोजते. सलग दोन-तीन दिवस असे झाले की थकलेला हात खाली येतो, स्लायडर हा वळणारा चेंडू वळायचा सोडून प्लेटच्या (फलंदाजापुढच्या पाटीच्या) मधोमध तरंगतो आणि फलंदाज तो थेट प्रेक्षकांत धाडतो. कोपराचे लिगामेंट फाटले तर ते नव्याने बसवणारी टॉमी जॉन शस्त्रक्रिया, म्हणजे साधारण वर्षभर किंवा त्याहून अधिक काळ मैदानाबाहेर.

आघाडी राखून सामना संपवणाऱ्या पिचरच्या नावे लागणारा, 1969 पासून अधिकृत झालेला ‘सेव्ह’ही पुरेसे सांगत नाही. तीन धावांची आघाडी हाती घेऊन शेवटची इनिंग रिकाम्या बेसवर (एकही धावपटू नसताना) सुरू करणाऱ्याला तो मिळतो. सातव्या इनिंगमध्ये बेस भरलेले असताना दोघांना बाद करून परतणाऱ्याला नाही. रिलीफ पिचर मारियानो रिवेरा 652 सेव्ह करून, मुख्यतः कटर या किंचित वळणाऱ्या एकाच वेगवान चेंडूच्या जोरावर, 2019 मध्ये एकमताने बेसबॉलच्या हॉल ऑफ फेम या सन्मान-दालनात गेला. बहुतेकांच्या वाट्याला मात्र मायनर लीगच्या, म्हणजे खालच्या पातळीवरच्या स्पर्धांच्या, फेऱ्याच येतात. त्यात 2020 पासून किमान तीन फलंदाजांना चेंडू टाकण्याचा किंवा इनिंग संपवण्याचा नियम आला आणि एकाच डावखुऱ्या फलंदाजासाठी आणलेला डावखुरा पिचर जवळपास नाहीसाच झाला.

बुलपेनमधले चेंडूही स्कोअरकार्डात छापले जावेत.

— एक बेसबॉलप्रेमी वाचक